टेपखालचा जोड

गेल्या मे महिन्यात मी माझी बाइक विकायला काढली. दीडशे सीसीची, बरीच जुनी, मी तिचा तिसरा मालक. बघायला कळव्याहून एक मुलगा आला. बावीस-तेवीसचा असेल, पार्सल पोचवायचं काम करतो. कोपरीत अष्टविनायक चौकाजवळ आम्ही भेटलो. त्याने टायर दाबून पाहिले, सायलेन्सरचा धूर पाहिला, एक चक्कर मारून आला. मग विचारलं, "दादा, वायरिंगला कुणी हात नाही ना लावलेला?"

मी म्हणालो, "सर्व्हिसिंग सगळं वेळच्या वेळी केलंय."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. फक्त ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्याने मान डोलावली, दोन हजार रुपये टोकन यूपीआयने पाठवले, आणि रविवारी कागदपत्रांचं बघू असं ठरवून तो गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. झोप लागली. पण सकाळी दात घासताना चार वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली, आणि त्यानंतर ते वाक्य डोक्यातून जाईना.

ही बाइक घेऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. पावसाळा होता. ऐरोलीच्या ऑफिसमधून रात्री साडेदहाला निघालो. आनंदनगर नाका ओलांडला आणि गाडी एकदम मेली. हेडलाइट नाही, हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, सेल्फला हात लावला तर साधं टिक्‌ सुद्धा नाही. मागून ट्रक येत होते आणि माझा मागचा दिवाही बंद. भिजत, ढकलत कोपरीपर्यंत आलो. प्लास्टिक जळल्यासारखा वास घरापर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी टाकी उतरवली. खाली काळ्या टेपचा एक गोळा होता. टेपचा चीक उष्णतेने वितळून ओघळलेला. काकांनी तो उलगडला, तर आत एका जाड तारेचं तोडलेलं टोक होतं. "आधीच्या माणसाने फॉग लाइट बसवलेले," काका म्हणाले. "विकताना काढून घेतले आणि वायर इथेच कापली. ही चालू वायर आहे." टेप सुटली, उघडं टोक चेसीला घासू लागलं. मग काकांनी फ्यूज दाखवला. दहा अँपिअरच्या जागी वीसचा होता.

तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कळली नव्हती: फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. वायर जेवढा करंट सोसू शकते, त्याच्या अलीकडे फ्यूज उडायला हवा. फॉग लाइट लावल्यावर दहाचा उडायला लागला, म्हणून कुणीतरी वीसचा घातला. म्हणजे तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलं. मग तापण्याचं काम वायरने केलं. शेजारच्या चार-पाच तारांचं आवरण वितळून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. नवीन हार्नेस आणि मजुरी धरून साडेचार हजार गेले.

आधीच्या मालकाला मी मनात भरपूर शिव्या दिल्या. माझा मुद्दा साधा होता: त्याला माहीत होतं, मला दिसणं शक्य नव्हतं, त्याने सांगायला हवं होतं. त्या वेळी यात वादाला जागाच वाटत नव्हती.

आता पुढचं. दोन वर्षांनी मीच त्या गाडीला फॉग लाइट लावले. ऐरोलीच्या पुलावर पावसात समोरचं दिसत नाही, हे कारण खरं होतं. ते छान दिसतात, हेही होतं. काकांचं दुकान बंद होतं म्हणून दुसरीकडे गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "रिले टाकून वेगळी लाइन ओढू या. उद्या मिळेल, चारशे जास्त होतील." मी म्हणालो, "आज दे. हेडलाइटवरूनच घे." त्याने हेडलाइटच्या तारेचं आवरण सोललं, नवी तार तिला पिळली, वर टेप. वीस मिनिटांचं काम.

हिशोब सोपा आहे. ३५ वॉटचा हेडलाइट १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर घेतो. माझे दोन दिवे मिळून ४० वॉट, म्हणजे आणखी सव्वातीन. एकाच तारेतून आणि हँडलवरच्या एकाच चिमुकल्या स्विचमधून दुपटीहून जास्त करंट. पण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे साडेचार पटीच्या आसपास. रिले असता तर दिव्यांचा करंट थेट बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूजमधून गेला असता आणि स्विचला फक्त रिले चालू करण्यापुरतं काम उरलं असतं. आठ महिन्यांत माझा स्विच आतून वितळला. तो बदलला. पिळलेला जोड तसाच राहिला. पिळलेल्या तांब्यात पावसाचं पाणी शिरतं, हिरवट थर चढतो, जोडाचा रोध वाढतो, तो आणखी तापतो. हे मला माहीत होतं.

या मे महिन्यात विकण्याआधी मी ते दिवे काढून घेतले, नव्या गाडीला लावायला. आणि वायर कापून टोकाला टेप गुंडाळली.

म्हणजे ज्या माणसाला मी शिव्या देत होतो, बरोबर तेच मी केलं. आणि कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं. जुनी गाडी जशी आहे तशीच विकली जाते. त्याने स्वतःचा मेकॅनिक आणायला हवा होता. मी खोटं काहीच बोललो नाही. किंमतही बाजारभावापेक्षा जास्त लावली नव्हती.

हा बचाव नवा नाही. रोमन लेखक सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं, अथेन्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी. त्यात एक प्रश्न आहे: घर विकणाऱ्याला त्याचे दोष माहीत आहेत, लाकूड खराब आहे, जागा आरोग्याला वाईट आहे, आणि घेणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. विकणाऱ्याने सांगावं का? सिसेरो इथे दोन स्टोइक तत्त्वज्ञांना समोरासमोर उभं करतो. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगायला लावतो तेवढं सांगा आणि खोटं बोलू नका. लपवणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं, आणि घ्यायची जबरदस्ती तर कुणी केलेली नाही. त्याचाच शिष्य अँटिपेटर उलट म्हणतो. वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं जर वाईट, तर जाणूनबुजून कुणाला चुकीच्या वाटेला लावणं त्याहून वाईट. सिसेरो शेवटी शिष्याच्या बाजूने जातो. त्याच्या मते प्रत्येक मौन म्हणजे लपवणं नव्हे. पण समोरच्याला जे कळण्यात त्याचं हित आहे, ते त्याला कळू नये असं आपल्या फायद्यासाठी वाटणं, हे लपवणंच.

आपल्या कायद्यातही हा पेच आहे, आणि तिथे घोडा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातलं कलम १७ सांगतं की नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नाही. उदाहरण दिलंय: एकाने लिलावात घोडा विकला, घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत होतं, तो काही बोलला नाही. ही फसवणूक नव्हे. पण लगेच पुढचं उदाहरण: घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि त्यापुढचं: घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं धरतो, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच.

हे वाचून मी थांबलो. माझ्या मुलाने तर सरळ प्रश्नच विचारला होता. मी गप्पही बसलो नव्हतो. गप्प बसलो असतो तर त्याला कदाचित शंका आली असती. मी एक खरं वाक्य त्याच्या शंकेवर टेपसारखं गुंडाळलं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे, पण ते नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदल बघतं. टाकीखालचा जोड आरसीवर कुठेच येत नाही. तो फक्त ज्याने केला त्याच्या डोक्यात असतो. तिथून तो बाहेर काढायचा एकच मार्ग आहे, सांगणं.

मग सगळंच सांगायचं का? क्लच जरा कडक आहे, डाव्या बाजूला ओरखडा आहे, हेही? नाही. ओरखडा त्याला दिसतो, क्लच एका चक्करमध्ये कळतो. मला वाटतं तीन गोष्टी एकत्र आल्या की सांगणं भाग आहे: मला माहीत आहे, त्याला नेहमीच्या तपासणीत कळणार नाही, आणि कळलं नाही तर त्याचे पैसे किंवा जीव अडचणीत येईल. मागचा दिवा विझलेल्या गाडीवर रात्री ट्रकसमोर असणं काय असतं, हे तर मला चांगलंच माहीत होतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात यासाठी एक शब्द आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये घाईत लिहिलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली. आत्ता वेळ वाचतो, पुढे व्याजासकट फेडावं लागतं. आम्ही ही उपमा जरा जास्तच आरामात वापरतो, कारण कर्ज काढणारी आणि फेडणारी टीम बहुतेक वेळा एकाच कंपनीची असते. मी मात्र चारशे रुपये आणि एक दिवस वाचवून घेतलेलं कर्ज दुसऱ्याच्या नावावर करत होतो, आणि त्याला ते भेट म्हणून देत होतो. त्या मेकॅनिक पोराला दोष देता येत नाही. त्याने रिलेचं सांगितलं होतं. कापायला मी लावलं.

शनिवारी दुपारी फोन केला. सगळं सांगितलं: कुठे जोड आहे, का केला, काय होऊ शकतं. टोकन परत करतो, असंही म्हणालो. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग त्याने विचारलं, "मग परवा का नाही सांगितलं, दादा?"

याचं मला काही चांगलं उत्तर सुचलं नाही. "चुकलं," एवढंच म्हणालो.

रविवारी आम्ही दोघं काकांकडे गेलो, खर्च माझा. काकांनी हेडलाइटमागचा खराब तुकडा कापून काढला, नवी तार जोडून डाग दिला, वर श्रिंक नळी चढवली. मग पूर्ण हार्नेस तपासताना सीटखाली आणखी एक जोड निघाला, मागच्या दिव्याकडे जाणारा. तो मी केलेला नव्हता. तो भाग आधी कधी उघडलाच नव्हता. "हा फार जुना आहे," काका म्हणाले. "पहिल्या मालकाच्या वेळचा असेल."

मला त्या माणसाची आठवण झाली, ज्याला मी चार वर्षं दोषी धरलं होतं. तो दुसरा मालक होता. फॉग लाइट त्याने लावले की त्याच्या आधीच्याने? त्याला टाकीखालचं माहीत तरी होतं का? मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. त्याला माहीत नसेल तर त्याचा दोष नाही. माझ्या बाबतीत ती सोय नव्हती. मला माहीत होतं.

एका कागदावर मी कुठली तार कुठे बदलली, जोड कुठे आहे, कुठला फ्यूज किती अँपिअरचा, हे लिहून दिलं. त्याने तो कागद घडी करून आरसीसोबत ठेवला. किमतीत तीन हजार कमी केले. त्याने गाडी घेतली.

पण जाण्याआधी त्याने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. विमा कधीपर्यंत आहे? पीयूसी आहे ना? ब्रेक पॅड कधी बदलले? मी उत्तर दिलं की तो कागद काढून बघायचा. शेवटी मी दुसरी चावी दिली. ती चालते असं मी सांगितलं, तरी त्याने ती लावून गाडी चालू करून पाहिली. मग गेला.