न नोंदलेली चूक

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या वाचकांस ‘जबाबदारी निश्चित करणे’ हा शब्दप्रयोग समजावून सांगण्याचे कारण नाही. पूल खचला, गोदामातला माल कमी भरला, कागद गहाळ झाला, की वरून हुकूम सुटतो आणि आपण टिपण लिहावयास बसतो. अशी टिपणे आम्हीही पुष्कळ लिहिली. त्यांत एक गोष्ट नेहमी गृहीत असे : जबाबदारी निश्चित करणारा एक, आणि ती ज्याच्या माथी यावयाची तो दुसरा. हे दोघे एकाच सदऱ्यात असतील तर काय करावे, याविषयी नियमांच्या पुस्तकात कलम नाही. गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न आमच्या गोहलपुरातल्या घराच्या ओसरीवर आम्हांस गाठता झाला, आणि तोही एका कार्बोरेटरच्या निमित्ताने.

जबलपूर हे यंत्रांचे गाव आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. १९६९ साली वाहनांचा कारखाना सुरू झाला आणि त्यातून सैन्याची ‘जोंगा’ बाहेर पडू लागली. तिच्या नावाचे पहिले अक्षर या शहराचेच. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती, त्यामुळे आमच्यासारखी नागपूर-वऱ्हाडाकडची कुटुंबे बदलीच्या हुकमासरशी येथे येत राहिली. येणाऱ्याच्या हाती लेखणी आणि शेजाऱ्याच्या हाती पाना, असा हा संसार. गोहलपुरासारख्या दाट वस्तीत तर कोणी ना कोणी उंबरठ्यावर बसून काही ना काही उघडत किंवा मिटवत असतोच. आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत मोटारसायकली दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. सारी वस्ती त्यांना ‘उस्ताद’ म्हणते. त्यांच्या दुकानापुढच्या बाकावर रविवार घालविता घालविता आम्ही पन्नाशीनंतर पाना धरावयास शिकलो. गेल्या खंडेनवमीस आम्ही लेखणीशेजारी तो पाना पूजेत मांडला, तेव्हा घरातील मंडळी हसली. आम्हांस मात्र थोडा अभिमानच वाटला. पुढे जे घडले त्याचे बीज त्या अभिमानात होते, असे आता वाटते.

कार्बोरेटरशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ही मुठीएवढी वस्तू. तळाशी एक वाटी, तीत पेट्रोल. त्यावर तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. वर हवेचा एक बोळ, मध्यभागी अरुंद. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब उतरतो. बर्नुलीने १७३८ साली मांडलेले हे तत्त्व. व्हेंचुरी (१७४६–१८२२) या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव अशा नळीस पुढे मिळाले. दाब उतरला की खालचे पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर चढते आणि तुषार होऊन हवेत मिसळते. वजनाने सुमारे पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल, हे प्रमाण जुळले की यंत्र समाधानाने चालते. जेटचे छिद्र मोहरीच्या दाण्याहून बारीक. ते तुंबले म्हणून तारेने कोरावे तर रुंदावते आणि गाडी कायमची अधिक पेट्रोल पिऊ लागते. म्हणून ते हवेने फुंकूनच मोकळे करावयाचे. फाइलीवर ‘प्रायः’ आणि ‘सामान्यतः’ हे शब्द चालतात, जेटला चालत नाहीत. हीच आम्हांस त्या कामाची गोडी. येथे शिफारस नाही, मुदतवाढ नाही. काम बरोबर असेल तर गाडी चालते, नसेल तर चालत नाही, असे आम्ही मोठ्या विश्वासाने म्हणत असू. हे म्हणणे पुरते खरे नव्हते.

आमचे एक सहकारी मूळचे अकोल्याचे. त्यांचे चिरंजीव इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यांच्यापाशी यामाहा कंपनीची जुनी आरएक्स १०० होती. ही गाडी १९९६ सालीच निघावयाची बंद झाली, तरी तरुणांचे तिच्यावरचे प्रेम आटलेले नाही. चिरंजिवांनी तिचे चिखलपंखे उंच बसविले, खाचांचे जाड टायर चढविले आणि मुरमाड टेकड्यांवर पळविण्याजोगी करून घेतली. पावसाळाभर ती उभी राहिली. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. चार महिन्यांनी कार्बोरेटरच्या वाटीत हिरवट साका बसलेला निघाला, यात नवल नव्हते. “काका, तुम्हीच करा ना,” असे त्याने म्हटले आणि आम्ही हरखलो.

दोन रविवार खर्चून आम्ही काम केले. टाकी उतरविली, कार्बोरेटर सोडवून ओसरीवर वर्तमानपत्रावर मांडला, एकेक जेट धुतला, फुंकला, उजेडाकडे धरून पाहिला. सारे जागच्या जागी बसवून गाडी स्टँडवर चालू केली. मूठ पिळली की आवाज चढे, सोडली की अलगद उतरे. मुलाने आम्हांस वाकून नमस्कार केला.

तिसऱ्या आठवड्यात बरगीच्या बाजूच्या एका चढावर तो पडला. डाव्या वळणावर गाडी एकाएकी उसळली, हातातून सुटली आणि त्याचे उजवे मनगट मोडले. आणखी काही झाले नाही, ही ईश्वराची कृपा. मुलाने आपण होऊन वडिलांना सांगितले की, घाबरून आपल्याच हातून मूठ जास्त पिळली गेली. वडिलांनी गाडी विकावयाचे ठरविले आणि ती ठीकठाक करवून घेण्यास आम्हांलाच सांगितले. आम्ही दोघे ती उस्तादांकडे घेऊन गेलो.

उस्तादांनी गाडी चालू केली आणि मुठीस हात न लावता हँडल डावीकडे वळविले. आवाज आपोआप चढला. उजवीकडे वळविले, उतरला. त्यांनी टाकी उचलली. मुठीपासून कार्बोरेटरकडे जाणारी वायर हँडलच्या दांड्याच्या चुकीच्या अंगाने ओढलेली होती. हँडल डावीकडे वळले की ती ताणली जाई आणि मूठ पिळल्यासारखेच होई. ती वायर आम्ही बसविली होती. आमचे जेट निर्मळ होते, फ्लोट बिनचूक होता. परंतु हँडल सरळ ठेवूनच आम्ही परीक्षा घेतली होती, वळवून पाहिले नव्हते. उस्तादांनी वायर योग्य वाटेने घेतली, हँडल दोन्हीकडे वळवून पाहिले, एकवार आमच्याकडे नजर टाकली आणि म्हणाले, “अब ठीक है.” सहकाऱ्यांचे लक्ष रस्त्याकडे होते. त्यांनी पैसे दिले आणि आम्ही घरी आलो.

त्या रात्री आमच्यातला टिपणे लिहिणारा अधिकारी जागा झाला आणि त्याने मौनाच्या बाजूने एक उत्तम टिपण तयार केले. मुलगा बरा होत आहे. गाडी विकली जाणार आहे, आणि उनाड टेकड्यांवर भरधाव जाणाऱ्या मुलाची गाडी विकली जावी हे त्याच्या हिताचेच आहे. सत्य सांगितल्याने मोडलेले हाड लवकर जुळणार नाही. उलट दोन कुटुंबांतील पंधरा वर्षांचा स्नेह कडवट होईल. आणि कोणी आम्हांस विचारलेले नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ सालच्या निबंधात परोपकारासाठीसुद्धा खोटे बोलण्याचा अधिकार माणसास नाकारला, तो मोठा कठोर नियम मानला जातो. परंतु तोही बोलणे ज्यास टाळता येत नाही त्याच्यासाठी आहे. आम्हांस बोलावयाचे प्रसंगच आलेले नव्हते. कांटच्या कचेरीतूनही आम्ही निर्दोष सुटलो असतो.

आणि पुरावाही नव्हता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली, तेव्हापासून नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी आलेल्या यंत्रणेत एक लहानसा संगणक असतो. पुष्कळशा बिघाडांची खूण तो आपल्यापाशी नोंदून ठेवतो आणि मिस्त्री ती यंत्र लावून वाचतो. कार्बोरेटरला अशी स्मरणशक्ती नाही. वायर जागेवर गेली, त्याच क्षणी आमची चूक जगातून पुसली गेली. ती नोंदवावयाची झाली तर आम्हीच नोंदवावयाची होती. जी चूक कोठेही नोंदलेली नाही आणि जिचा कोणास त्रास उरलेला नाही, ती अजून आहे असे कशाच्या बळावर म्हणावे?

या टिपणातली खोट आम्हांस पुष्कळ दिवस सापडेना. ती तर्काने सापडली नाही. मुलास भेटावयास गेलो तेव्हा सापडली. तो बोलत होता, हसत होता, पण प्लास्टरमधून बाहेर आलेली उजव्या हाताची बोटे पुन:पुन्हा निरखीत होता, जणू ती त्याची नव्हेतच. तेव्हा ध्यानात आले की, आमची चूक जगातून पुसली गेलेली नव्हती. ती फक्त आमच्या नावावरून उतरून दुसऱ्याच्या नावावर चढली होती. अपघात घडला की माणसे कारण मागतातच. खरे कारण कोणी पुढे केले नाही तर ती जागा रिकामी राहत नाही, आणि तेथे जाऊन बसतो तो बहुधा सर्वांत कमी बोलणारा, सर्वांत लहान. मौनाने दोष नाहीसा होत नाही, तो उताराकडे वाहत जातो.

हे एकदा दिसले, आणि आमच्या जुन्या टिपणांकडे पाहणे अवघड झाले. वरच्या खुर्चीतला एक न बोललेला शब्द खाली उतरत उतरत कनिष्ठ लिपिकाच्या वेतनवाढीवर जाऊन थांबला, असे त्यांत किती वेळा झाले असेल! त्या वेळी कोणी खोटे लिहिले नव्हते. जो तो न विचारलेल्या गोष्टीविषयी गप्प राहिला होता. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चाले आणि अर्ध्या सत्याने तो भुईला टेकला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचे शब्द मोजले तर त्यांत असत्य नव्हते. ऐकणाऱ्याने भलतेच समजावे आणि आपण ते समजू द्यावे, इतकेच होते. आम्हीही इतकेच केले होते. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना त्यांचा अपराध तोंडावर सांगितला, याचे आपणां मराठी माणसांस रास्त भूषण वाटते. ते साहस मोठेच. पण दुसऱ्याचा दोष सांगण्याच्या साहसास निदान साक्षीदार असतात. आपला स्वतःचा, कोणासही ठाऊक नसलेला दोष सांगावयाचा तर त्यास टाळ्याही नाहीत आणि सक्तीही नाही.

अठराव्या दिवशी आम्ही सहकाऱ्यांच्या घरी जाऊन पितापुत्रांसमोर सारे सांगितले. अठरा हा आकडा आम्ही मुद्दाम देत आहो. त्यांतले सतरा दिवसही आमचेच आहेत. सहकारी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुम्ही सांगितलेत हे ठीक केलेत. पण गाडी मी विकणारच.” आणि त्यांनी ती विकली. आमच्या सांगण्याने त्यांच्या निर्णयात तसूभरही फरक पडला नाही. पुढे दोन महिने त्यांचे आमच्याकडे येणेही थांबले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. मौनाच्या बाजूचे टिपण तितक्यापुरते बरोबर ठरले.

मुलगा मात्र आम्हांस फाटकापर्यंत पोचवावयास आला. म्हणाला, “काका, मी रोज रात्री डावी मूठ हवेत पिळून बघत होतो. किती पिळली गेली असेल, ते आठवत नव्हतं.” इतकेच बोलून तो आत गेला.

उस्तादांना आम्ही नंतर विचारले की, त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत? ते जेट फुंकीत होते; मान वर न करता म्हणाले, “साहब, बताना आपका काम था.” त्यांच्या मौनास आम्ही दया समजत होतो. ती दया नव्हती. आमचे काम त्यांनी आमच्यासाठी ठेवून दिले होते.

आता तो मुलगा रविवारी आमच्या ओसरीवर येतो. गल्लीतल्या कोणाची तरी जुनी गाडी असते. वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघे कार्बोरेटर उघडतो. सारे बसवून झाले, गाडी चालू झाली, की तो उठतो, हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवितो, मग उजवीकडे, आणि कान देऊन ऐकतो. त्या वेळी तो आमच्याकडे पाहत नाही.