पंक्तिप्रपंच

पंक्तिप्रपंच हा शब्द आपला. पण त्याचा एक जुना दाखला मला करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत सापडतो. तेव्हा चर्चची इमारत कुठली असायला! ज्याचे घर ऐसपैस, त्याच्याकडे सारे जमत. प्रार्थना होई, भाकर मोडली जाई, आणि जेवणही तेथेच होई. गुलाम आणि मालक एकाच भाकरीचे वाटेकरी, ही केवढी धिटाईची कल्पना! परंतु इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने त्यांना धाडलेले पत्र निराळेच सांगते. कुणी आपले जेवण आधीच उरकी, कुणी झिंगे, आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशीपोटी खाली मान घालीत.

पौल संतापला. एकमेकांसाठी थांबत जा, असे त्याने बजावले. भुकेल्याने घरीच खाऊन यावे, असेही लिहिले. हा दुसरा उपाय मला काही केल्या पटत नाही. गुलामाला घर कुठले? त्याची चूल ती मालकाचीच. अशाने पंगतीतली लाज झाकेल, भुकेचे काय?

आणि तरी या माणसाला एवढ्यावर निकालात काढवत नाही. फिलेमोन नावाच्या यजमानाला त्याने कैदेतून लिहिले, की अनेसिमाला आता दास न समजता भाऊ म्हणून घरात घे. मायन्यात त्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही त्याने गोवले आहे. म्हणजे मागणी चारचौघांदेखत! मुक्त कर, असे मात्र उघड लिहिले नाही. अनेसिम परतला त्या रात्री वाढणी कुणी केली, आणि पंगतीला कोण कोण बसले, एवढेच मला फिलेमोनाला विचारावेसे वाटते.