कौतुकाचा भाव

माणूस लोभाने फसतो, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आणि इतक्यांना ऐकवले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज मला कधी भासली नाही. ती पाळी गेल्या श्रावणात माझ्या भाचीने आणली.

भाची साताऱ्याला असते. बी.कॉम. झाली आहे, एका पेढीत हिशेब लिहिते आणि संध्याकाळी गच्चीवर लहान लहान नाट्यप्रवेश स्वतःच लिहून, स्वतःच करून इन्स्टाग्रामवर टाकते. एके दिवशी तेथेच तिला निरोप आला. 'आम्ही मुंबईत कलाकारांचे काम पाहतो. तुमच्या डोळ्यांत अभिनय आहे.' गृहस्थांच्या कंपनीचे नाव एका नामांकित वाहिनीच्या नावाशी बेमालूम जुळत होते. बोलणे लवकरच व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. प्रथम नोंदणीचे १,५०० रुपये, मग छायाचित्रांचे ६,०००, मग शिक्का मारलेला करार आणि त्याच्या अनामतीचे ११,०००. अनामत अर्थातच चित्रीकरण संपताच परत मिळणार होती! प्रत्येक वेळी जागा उद्या दुपारपर्यंतच शिल्लक असे. तिसरी रक्कम पोचली आणि गृहस्थ आपल्या खात्यासकट अंतर्धान पावले.

घरात जे व्हायचे तेच झाले. आमचे मेहुणे म्हणाले, "नटी व्हायची हौस! लोभाचं फळ, दुसरं काय?" मीही मान डोलावली. भाची खाली मान घालून एवढेच म्हणाली, "मामा, पैसे गेले ते कळतंय मला. पण त्या माणसाने माझे सगळे व्हिडिओ पाहिले होते. कुठल्या प्रवेशात मी वाक्य घाईने टाकलं, तेसुद्धा त्याने सांगितलं."

ते व्हिडिओ ती मलाही पाठवीत असे. मी ते न उघडताच अंगठ्याचे चित्र पाठवून मोकळा होत असे. अंगठा दाखविणे याचा मराठीत काय अर्थ होतो, हे वाचकांना सांगायला नको.

तेव्हापासून माझ्या त्या जुन्या वाक्याला तडा गेला आहे. लोभ म्हणजे आपल्या वाट्याहून अधिकाची इच्छा. आपण केलेले काम कोणीतरी नीट पाहावे, ही इच्छा वाट्याहून अधिक कशी म्हणावी? ती साधी भूक आहे. 'पिकते तेथे विकत नाही' असे आपण हसत म्हणतो. पण तेथे का विकत नाही, याचा जाब त्या गावाला कोणी विचारीत नाही. आमच्या पिढीला तर तोंडावर केलेली स्तुती म्हणजे पोरे बिघडविण्याचे औषध वाटे. आम्ही ते कुलूपबंद ठेवले आणि ठकाने त्याचे दुकान मांडले.

भूक निर्दोष असली, तरी वाढणाऱ्याचा हात पाहावाच लागतो. दादासाहेब फाळके १९१२ साली 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती शोधीत होते. एकही स्त्री तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात त्यांना अण्णा साळुंके दिसले. दरमहा १० रुपयांवर काम करणाऱ्या साळुंक्यांना फाळक्यांनी १५ देऊ केले, असे सांगतात. पारख फाळक्यांनी केली आणि खिशात हातही त्यांनीच घातला! आजही खरा व्यवस्थापक कलाकाराला मिळालेल्या मानधनातून आपला हिस्सा घेतो. मानधन मिळण्याआधी त्याला कसले पैसे हवेत? शिवाय ज्या कंपनीचे नाव तो सांगतो, तिचा क्रमांक आपण स्वतः शोधून तिला विचारावे. त्याने दिलेल्या क्रमांकावर त्याचाच भाऊबंद बोलणार.

हे सारे शहाणपण मला सुचले ते पैसे गेल्यावर. १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळविले, तर पैसे वाटेतच अडविता येण्याचा संभव असतो. भाचीने अकरा दिवस कोणालाच सांगितले नाही. तिला त्या ठकाची भीती नव्हती. आम्ही काय म्हणू, याची होती. तक्रार केली तोवर रक्कम कुठल्या कुठे गेली होती.

मला मात्र तिचा नंतरचा प्रश्न अधिक लागला. "मामा, तो खोटा होता. मग तो जे बोलला, तेही सगळं खोटंच का?" ठकाच्या तोंडून खरे निघू शकते की नाही, हा प्रश्न एखाद्या तर्कशास्त्र्याने चुटकीसरशी सोडविला असता. मला तो सुटला नाही, कारण उत्तर द्यायला तिचे काम मी पाहिलेले हवे होते.

परवा त्या दोघी, माझी बहीण आणि भाची, करंज्या करायला आमच्याकडे आल्या होत्या. मी आपण होऊन फोन मागून घेतला आणि आजीच्या वेषातला तिचा प्रवेश शेवटपर्यंत पाहिला. चांगला होता. मी तसे म्हणालो. पिठाचे हात तसेच ठेवून तिने माझ्याकडे पाहिले, जरा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "खरंच म्हणतोस, की उगीच?"