'रो' या शब्दाची गोष्ट

मार्गशीर्षात देव विष्णुपदावर असतात, म्हणून चंद्रभागेतून नावेने तिकडे निघालो होतो. शेजारी एका वारकऱ्याचा मुलगा बसला होता. नोकरीनिमित्त स्वीडन देशात राहतो. वल्ह्याकडे पाहत तो म्हणाला, "महाराज, आमच्या तिकडे वल्हवण्याला 'रो' म्हणतात, अन् शांततेलाही 'रो'च!"

सज्जनहो, असा शब्द हाती लागला की कीर्तनकाराची काय अवस्था होते, ते तुम्ही जाणताच. त्याच रात्री मी ठोकून दिले: धातू एकच, वल्हवणे हीच शांती! इंग्रजीत 'रो' म्हणजे वल्हव, हिंदीत 'रो' म्हणजे रड. तेव्हा रडत रडत वल्हवा आणि शांत व्हा. मृदंग घुमला, माना डोलल्या.

कीर्तन आटोपल्यावर आमचा नावाडी पाया पडायला आला. म्हणाला, "बुवा, वल्हं मारताना हाताला फोड येत्यात. तवा शांती कुठली?"

झोप लागली नाही. घरी येऊन नातवाला हाताशी घेतले आणि व्युत्पत्तीचे कोश चाळले. स्वीडिशमधले ते दोन शब्द उच्चाराने एक, कुळाने निराळे. हिंदीचा 'रो' आपल्या रुद् धातूचा. जपानात नावेच्या मागच्या टोकाला लांब वल्हे असते, त्यालाही 'रो'च म्हणतात. पण त्याचा यांच्याशी काडीचा संबंध नाही. खरे नाते निघाले भलतीकडेच! वल्हवण्याचा इंग्रजी-स्वीडिश 'रो' आणि आपले वैदिक 'अरित्र' एकाच मुळाचे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात समुद्रात सापडलेल्या भुज्यूला अश्विनीकुमार शंभर अरित्रांच्या नावेतून घरी आणतात. तिथे अरित्र म्हणजे वल्हे. अमरकोशात मात्र वल्ह्याला क्षेपणी म्हटले आहे आणि अरित्र म्हणजे केनिपातक, सुकाणू. पाठशाळेत हे सारे घोकले. पण वल्ह्याचे सुकाणू झाले कसे, हे मी विचारले नाही, गुरुजींनीही सांगितले नाही. गंमत अशी की इंग्रजीत सुकाणूला 'रडर' म्हणतात, तो शब्दही याच कुळातला आणि पूर्वी वल्ह्याचाच.

माघीला त्याच जागी उभा राहून सांगितले, "मागच्या वेळी मी व्युत्पत्ती चुकीची सांगितली." टाळकरी खाली पाहू लागले. म्हाताऱ्याची पत गेली म्हणा! नावाडी मात्र पुढे सरकून बसला. मग अमराचे कोडे त्यालाच घातले.

"त्यात काय बुवा! माझ्या नावंला सुकाणू हाय कुठं? म्होरचा वल्हवतो, अन् मागचा त्याच वल्ह्यानं नाव वळवतो."