बाई जास्त जगते, पण कशामुळे?

१९७०-७५ च्या काळात भारतात पुरुषाचं सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षं होतं आणि बाईचं ४९. जगात जवळपास सगळीकडे बाई पुरुषापेक्षा जास्त जगते. आपल्याकडे ती मागे होती, कारण बाळंतपणात दगावत होती आणि आजारी मुलीला दवाखान्यात न्यायची घाई कुणाला नव्हती. ऐंशीच्या दशकात ती पुढे गेली. २०१६-२० मध्ये पुरुष ६८.६, स्त्री ७१.४. केरळात हे अंतर पाच वर्षांच्या वर गेलं. बिहार-झारखंडात मात्र २०१४-१८ मध्येही पुरुषच किंचित पुढे होता.

अंतर वाढलं म्हणजे समाज सुधारला, असं मात्र मी मानत नाही. रशियात ते दहा वर्षांच्या आसपास आहे, आणि त्यात दारूने अकाली नेलेल्या पुरुषांचा वाटा मोठा आहे. बाई वाचली तरी अंतर वाढतं, पुरुष मेला तरी वाढतं.

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरमध्ये यातलं कोणतं घडतंय? वरचे भारतातले आकडे ज्या सरकारी नमुना नोंदणीतून येतात, तिचे आयुर्मानाचे आकडे राज्यापाशीच थांबतात. भंडारा जिल्ह्याचा वेगळा आकडा त्यांत नसतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. पुरुष कामाला परगावी गेले तरी हे प्रमाण चढतं, हे खरं. पण सहा वर्षांखालच्या मुलांतही इथे हजार मुलग्यांमागे ९५० मुली आहेत, राज्यात ८९४. मुलगी इथे जन्माला येऊ दिली जाते. धानाच्या या पट्ट्यात बायांच्या हाताशिवाय रोवणी उरकत नाही, याचाही त्यात वाटा असावा. ही जमेची बाजू मला फार मोलाची वाटते.

काळजी पुरुषांची आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून डोळ्यांसमोर खर्रा घोटून मिळतो. बायाही खातात, पण पुरुषाच्या खिशात पुडी दिवसभर असते. आधी भाजीचं तिखट झोंबायला लागतं. मग जबडा आखडत जातो, तोंडात तीन बोटं मावेनाशी होतात. तरी माणूस दवाखाना टाळतो, कारण तोंड दुखतं म्हणून रोजी बुडवणं त्याला लाजिरवाणं वाटतं. पन्नाशीत गेला की लोक म्हणतात, त्याची वेळ आली होती. मला हे ऐकवत नाही.

मागे राहते ती बायको, बहुधा त्याच्याहून काही वर्षांनी लहान. म्हणजे तिच्या वैधव्यात वयातलं अंतर आणि आयुर्मानातलं अंतर, दोन्ही जमा होतात. सातबाऱ्यावर आधी तिचं नाव नसतं. वारस म्हणून चढवायचं तर पोरांशी आणि तलाठ्याशी बोलावं लागतं. निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार. सरासरीत वाढलेली तिची वर्षं ती अशी काढते.

जिल्ह्याचं आयुर्मान कुणी काढून देईपर्यंत थांबायची गरज नाही. गावच्या मृत्यू नोंदवहीत वय आणि लिंग, दोन्ही लिहिलेलं असतं. ग्रामसभेने चाळीस ते साठ वयात गेलेले पुरुष आणि बाया वेगवेगळे मोजावेत, आणि प्रत्येक घरी जाऊन विचारावं, कशाने गेले.