नाव आणि नोंद

मोडकी वस्तू फेकावी की जपावी, हा वाद दिवाळीच्या साफसफाईत घरोघर रंगतो. फेकायचीच असेल तर निदान तिची नोंद करून ठेवावी, असा तिसरा पक्ष घेणारी माणसे मात्र थोडी. मी त्यांतला, आणि तोही बोदवडचा! ज्या गावाने पाण्यासाठी नळाकडे डोळे लावून दिवस काढले, तिथल्या माणसाने नावांची वही बाळगावी, याला कोणी हसले तर मीही हसेन.

पण तापी काही आम्हांला परकी नाही. चांगदेवला तिला पूर्णा मिळते. खाली हतनूरचे धरण १९८२ साली पुरे झाले आणि संगमाला सरोवराचा विस्तार आला. त्या काठी, वाटसरू फिरकत नाही अशा जागी, बाभळीखाली टाकून दिलेल्या लाकडी नावा मी टिपत असतो. लांबी किती हात, फळ्या किती, ठिगळ कुठे, डांबराचे थर किती.

एकदा एका वृद्ध भोईबाबांनी विचारले, "मोजून काय होणार, भाऊ?"

मी म्हटले, "बाबा, नाव राहील."

"कुठली राहते? दिवाळीच्या बंबात जायची ती!"

मी निरुत्तर झालो. त्यांना थांबवण्याचा मला काय अधिकार? १८१७ साली वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची 'ट्रिंकोमाली' बांधली. ती आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तिच्या देखभालीला पैसा आहे, माणसे आहेत. इथे जपणुकीचा खर्च कोणी सोसायचा? ज्याच्या घरी सरपण हवे, त्याने? माझ्या हौसेसाठी दुसऱ्याची चूल थंड ठेवणे मला तरी धर्म वाटत नाही.

मात्र नोंद करणाराही वाटतो तितका निर्मळ नसतो. वस्तू नाहीशी झाली की त्याच्या वहीची किंमत वाढते. तोंडाने तो हळहळतो, पण शेवटची नाव आपण मोजली याचा एक चोरटा आनंद त्याच्या मनात असतोच. मृत्युलेख लिहिणाऱ्यांना हा आनंद ठाऊक असावा. शिवाय एकदा लिहून झाले की आपले कर्तव्य संपले, असे समाधानही स्वस्तात मिळते.

बाबांना या चिंतनाशी कर्तव्य नव्हते. त्यांनी फितीचे दुसरे टोक धरले आणि मला सांगू लागले. ही फळी मूळची नाही, मागाहून बसवली. इथे वल्हे घासून खाच पडली. हिच्यातून महाशिवरात्रीचे यात्रेकरू पलीकडे गेले, कापसाची बोचकी गेली, आणि एकदा वऱ्हाडच्या वऱ्हाड गेले, नवरी मात्र पाण्याला भिऊन काठावरच रडत राहिली.

वहीत मापांचे रकाने होते. नवरीसाठी रकाना नव्हता. मी पान उलटले आणि कोऱ्या बाजूला लिहू लागलो. बाबा म्हणाले, "सावकाश लिहा. कुऱ्हाड उद्या आणतो."