तो घरी पोचला, म्हणून?

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे नवीन नाही. पायथ्याच्या गावातून एखादा कुत्रा आपल्यासोबत निघतो, गडावर आपल्या डब्यातली पोळी खातो आणि उतरताना कुठल्याशा वळणावर नाहीसा होतो. तो कुणाचा होता, कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. आपल्याला शेवटची एसटी गाठायची असते. हीच सवय घेऊन मी दोन वर्षांपूर्वी जानेवारीत केदारकंठाला गेलो.

केदारकंठा उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. उंची सुमारे ३,८०० मीटर. डेहराडूनहून दिवसभर गाडीत बसलं की सांकरी येतं आणि तिथून चालायला सुरुवात होते. गावाच्या शेवटच्या घरांपाशी एक काळा, जाड केसांचा भोटिया कुत्रा आमच्या मागे लागला. मी पार्ले-जीचा पुडा काढला.

"सर, बिस्किट मत दो," गाइड म्हणाला. "पीछे-पीछे आ जाएगा."

मी हसून दोन बिस्किटं टाकली. तो मागे आला. दुपारपर्यंत आमच्या ग्रुपने त्याचं नाव मोमो ठेवलं होतं.

पहिला मुक्काम जुडा का तालाबपाशी होता. तळं गोठलेलं, भोवती देवदार आणि पाइन. जेवताना गाइडने सांगितलं की इकडचे मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा बांधतात. बिबट्या कुत्र्याला मानेला धरतो, म्हणून. मोमोच्या गळ्यात पट्टा नव्हता. ते मी पाहिलं, आणि त्याला माझ्या तंबूच्या बाहेरच्या पडद्याआड झोपायला जागा केली. त्याचा फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी वरच्या कॅम्पपर्यंत तो माझ्याच पुढेमागे होता. पुडा माझ्याकडे होता, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

शिखराची चढाई रात्री तीनला सुरू झाली. अंधारात बर्फावरून चालताना जग फार लहान होतं. हेडलॅम्पचा वाटोळा उजेड, त्यात पुढच्या माणसाचे बूट, आणि बुटांच्या लोखंडी दातांचा कर्र कर्र आवाज. बर्फावर रात्रीतून कडक पापुद्रा धरला होता. आमचं वजन पडलं की तो मोडायचा आणि पाय नडगीपर्यंत आत जायचा. मोमो मात्र वरच्या वर चालत होता. मधेच तो अंधारात गडप व्हायचा आणि मग वरून दोन हिरवे डोळे चमकायचे. ते दिसले की का कोण जाणे, धीर यायचा. थंडीने माझी बोटं बधिर झाली होती, छाती भरून येत होती, आणि त्या तासाभरात माझा सगळ्यात जास्त विश्वास त्या कुत्र्यावर होता.

कुत्र्यांना बर्फात काही होत नाही, असं आपण ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. त्यांच्या पंजात जाणारं गरम रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं, अशी रक्तवाहिन्यांची रचना असते, म्हणून तळवे सहज गोठत नाहीत. पण बोटांमधल्या केसांत बर्फ अडकून त्याचे खडे होतात, आणि कडक पापुद्र्याची कड काचेसारखी कापते. त्यावर ती रचना काही करू शकत नाही.

उजाडताना आम्ही माथ्यावर पोचलो. दगडांच्या राशीत त्रिशूळ रोवलेला. गाइडने एका रांगेकडे बोट केलं. "वो स्वर्गारोहिणी. पांडव वहीं से गए थे." सगळे फोटो काढायला धावले. मोमो बसून पुढचा पंजा चाटत होता. बर्फावर गुलाबी डाग पडले होते.

उतरताना तो मागे पडला. वरच्या कॅम्पवर पोचल्यावर तो एका झाडाखाली बसला तो उठेनाच. मी हातमोजे काढून त्याच्या बोटांमधले बर्फाचे खडे उपटायला गेलो, तर तो गुरगुरला. आम्हाला त्याच दिवशी खालच्या कॅम्पवर उतरायचं होतं आणि दुसऱ्या सकाळी सांकरीहून गाडी होती. सोमवारी ऑफिस.

"उतर जाएगा सर," गाइड म्हणाला. "पहाड़ का कुत्ता है."

मी उरलेली बिस्किटं त्याच्यासमोर ठेवली आणि निघालो. दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मधे झाडं आली होती.

त्या संध्याकाळी तो खाली आला नाही. सकाळी सांकरीतही दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दिल्लीच्या विमानतळावरून मी गाइडला मेसेज केला. उत्तर आलं: परवा रात्री पोचला, थोडा लंगडतोय. त्याचे मालक शोधत होते. त्यांचाच राखणीचा कुत्रा आहे. नाव शेरा.

मला हायसं वाटलं. ग्रुपवर तो मेसेज टाकला तेव्हा बदाम आणि टाळ्यांचा पाऊस पडला. विषय संपला. माझा मात्र संपला नाही, आणि का संपला नाही, हे समजायला वेळ लागला.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली आहे. जहाज जुनं आहे, दुरुस्ती हवी, हे मालकाला ठाऊक असतं. पण खर्च नको असतो. इतक्या सफरींतून परत आलंय, याही वेळी येईल, अशी तो हळूहळू स्वतःची समजूत घालतो आणि अगदी मनापासून विश्वास ठेवून प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडतं. मालक दोषी आहे, हे उघडच. पण क्लिफर्ड पुढे विचारतो: समजा, जहाज सुखरूप पोचलं असतं तर? त्याचं म्हणणं, दोष तसूभरही कमी झाला नसता. तो फक्त उघडकीला आला नसता. कारण प्रश्न विश्वास खरा ठरला की नाही हा नाही. तो विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार होता का, हा आहे.

"पहाड़ का कुत्ता है" हे वाक्य गाइडच्या तोंडी अनुभवाचं होतं. तो त्या डोंगरातल्या कुत्र्यांमध्ये वाढलाय. माझ्या तोंडी तेच वाक्य उसनं होतं. ते मला पटलं, कारण ते पटलं की मला गाडी मिळणार होती. माझ्या कामात असं रोज घडतं. न तपासलेला कोड कधीकधी महिनोन्महिने बिनतक्रार चालतो. म्हणून तो न तपासणं बरोबर होतं असं कुणी म्हणत नाही.

ग्रुपमधला एक मित्र म्हणाला, "आपण कुठे त्याला बांधून नेलं होतं? तो आपणहून आला." हा मुद्दा मला बरेच दिवस सोडवत होता. मग स्वर्गारोहिणी आठवली. महाप्रस्थानिक पर्वातला कुत्राही आपणहूनच आलेला आहे. युधिष्ठिराने त्याला बोलावलेलं नाही. तरी इंद्र रथ घेऊन येतो तेव्हा, जो आपल्या भरवशावर मागे आला त्याला टाकून मी येणार नाही, असं तो म्हणतो. इंद्र चांगलं पेचात पकडतो: वाटेत द्रौपदीला सोडलंस, भावांना सोडलंस, मग कुत्र्याचंच एवढं काय? युधिष्ठिराचं उत्तर कोरडं आहे. ते मेले होते. त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंतपणी मी त्यांना सोडलं नाही.

शेरा जिवंत होता. आणि त्याला तर मी बिस्किट घालून बोलावलं होतं.

ही गोष्ट सांगताना आपण शेवटावर भर देतो: तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला. मला आता तो शेवट अडचणीचा वाटतो. तो कुत्रा नुसता कुत्रा निघाला असता तर युधिष्ठिर चुकला असता का? निर्णय घेताना त्याच्यासमोर एक जनावर होतं, इतकंच. त्याला पुढचं माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्याचा कुत्रा धर्म निघाला, माझा कुत्रा घरी पोचला. दोन्ही शेवट गोड आहेत, म्हणून आम्ही दोघे सारखे होत नाही.

मी काय करायला हवं होतं? त्याला पुण्याला आणणं हा उपाय नव्हताच. पण कॅम्पवर मागे थांबणाऱ्या मदतनिसाला पैसे देऊन त्याला सोबत आणायला सांगता आलं असतं. तेही राहू दे. सांकरीत चार घरी जाऊन "हा कुत्रा कुणाचा, तो वर जखमी बसलाय" एवढं सांगता आलं असतं. त्याचा मालक तेव्हा गावातच होता, त्याला शोधत. मी गाडीत सामान चढवत होतो. मी विचारलं ते दिल्लीहून, म्हणजे उत्तर काहीही आलं तरी मला काहीच करावं लागणार नव्हतं तेव्हा.

गेल्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडाला गेलो. पाचनईत एक तांबडा कुत्रा आमच्यासोबत निघाला. मी मागे फिरून पहिल्याच घरी विचारलं, "मावशी, हा कुणाचा?"

"आमचाच हाय," भांडी घासता घासता त्या म्हणाल्या. "जाऊ द्या. येतो सांजच्याला."

तो देवळापर्यंत आला, आमच्यातली भाकरी खाऊन गेला, आणि उतरताना नेहमीप्रमाणे दिसेनासा झाला. खाली आल्यावर मी पुन्हा त्या घरी गेलो. तो ओट्यावर झोपला होता. ते बघितलं आणि मग गाडीकडे वळलो.